जोड दिसता कामा नये: रोजच्या वस्तूंतून अतिवास्तव शिल्पं करू पाहणाऱ्यांसाठी

रोजच्या वापरातल्या दोन वस्तू एकत्र आणून अतिवास्तव शिल्प करायचं म्हटलं, की नवख्याचं सगळं लक्ष कल्पनेकडे जातं. वहीत रेखाटन होतं, झटपट चिकटणाऱ्या गोंदाने वस्तू एकमेकींना डकवल्या जातात, फोटो निघतो. सहा महिन्यांनी त्यातली एक वस्तू जमिनीवर पडलेली असते आणि दुसरीवर पिवळा डाग असतो. या कामात कल्पना सुचायला दहा मिनिटं पुरतात, जोड बसवायला तीन आठवडे जातात. शिकायचा असतो तो जोड. पुढे फोटो, विक्री, वाहतूक, विमा, दुरुस्ती सगळं त्याच्यापाशीच येऊन अडतं.

जुनी कामं कशी बघावीत

मॅन रे याने १९२१ साली कपड्यांच्या इस्त्रीच्या तळाला एका ओळीत १४ चुका (छोटे खिळे) चिकटवल्या. बाकी इस्त्री होती तशीच ठेवली. मेरेट ओपेनहाइमने १९३६ मध्ये पॅरिसच्या एका मोठ्या दुकानातून साधा कप-बशी-चमचा आणला आणि तो चिनी गॅझेल हरणाच्या फरने मढवला. कपाचा घाट, बशीचा उतार, चमच्याची मान, काहीही बदललं नाही. बदलला फक्त स्पर्श. साल्व्हादोर दालीच्या टेलिफोनवर रिसीव्हरच्या जागी शेवंडं (लॉब्स्टर) आहे, आणि ते तिथे बसतं याचं कारण त्याची लांबी रिसीव्हरएवढी आहे. शेपूट नेमकी बोलणाऱ्याच्या तोंडापाशी येते. पिकासोने १९४२ मध्ये सायकलची सीट आणि हँडल एवढ्या दोनच भागांतून बैलाचं डोकं उभं केलं. अलीकडची उदाहरणं घ्यायची तर गॅब्रिएल ओरोझ्कोने १९९३ मध्ये सित्रोएन मोटार लांबीने चिरून मधला तिसरा हिस्सा काढून टाकला आणि उरलेले दोन भाग जोडले. मोना हाटूमने २००२ मध्ये घडीची किसणी माणसाहून उंच केली, तिचा खोलीतला पडदा झाला.

ही कामं बघताना दोन गोष्टी नोंदवा. वस्तू पहिल्या नजरेत ओळखू येते का, आणि बदल किती केले आहेत. जवळजवळ प्रत्येक ठिकाणी उत्तर सापडेल: ओळखू येते, आणि बदल एकच आहे. कधी पृष्ठभाग बदललाय, कधी उपयोग उलटा केलाय, कधी एक भाग काढून दुसरा बसवलाय, कधी आकारमान वाढवलंय. इस्त्रीला चुका लावून वर ती निळी रंगवली असती, तर बघणारा रंगाचा विचार करत बसला असता आणि फाटणाऱ्या कापडाचा विचार त्याच्या मनात आलाच नसता. दुसरा बदल पहिल्याची धार घालवतो. विद्यार्थ्यांच्या कामात सगळ्यात जास्त बिघडतं ते इथेच.

आणखी एक. बाहुल्यांची तुटकी डोकी, जुनी घड्याळं, दातेरी चक्रं, किल्ल्या, दुकानातल्या पुतळ्यांचे हात या सामानापासून सुरुवातीची दोन वर्षं तरी लांब राहा. त्या वस्तू आधीच 'गूढ' म्हणून खपून गुळगुळीत झाल्या आहेत. त्यांना काही करायची गरज उरत नाही, म्हणून तुम्हीही काही करत नाही. स्टूल, नळ, कंगवा, दाराची कडी, बादली, हातमोजा: माणसं ज्यांच्याकडे बघतही नाहीत अशी ही वस्तूंची जात. ती घ्या.

वस्तू निवडणं आणि साठवणं

एक नग कधीच घेऊ नका. शक्य असेल तिथे तीन घ्या: एक कामाला, एक प्रयोगात मोडायला, एक बदली म्हणून जपून ठेवायला. कारखान्यात साचा बदलला की हुबेहूब तसा नळ किंवा तशीच कपाची कड पुन्हा मिळत नाही. मार्सेल द्युशाँने १९१४ मध्ये निवडलेला बाटल्या वाळवण्याचा स्टँड त्याच्या बहिणीने स्टुडिओ साफ करताना फेकून दिला. १९१७ चं त्याचं मुतारीचं मूळ भांडंही हरवलं. आज संग्रहालयांत दिसतात त्या बहुतेक १९६४ मध्ये त्याच्या संमतीने काढलेल्या प्रत्येकी आठ प्रतींपैकी आहेत. मॅन रेची मूळ इस्त्री प्रदर्शनाच्या पहिल्याच दिवशी गायब झाली. लंबकाच्या टोकाला डोळ्याचा फोटो लावलेला त्याचा मेट्रोनोम (ताल मोजायचं यंत्र) १९५७ मध्ये पॅरिसच्या एका प्रदर्शनातून विद्यार्थ्यांनी उचलून नेला आणि तो नष्ट झाला. १९६५ मध्ये त्याने त्याच्या शंभर प्रती काढल्या. रोजच्या वस्तूचं शिल्प हरवतं, फेकलं जातं, मोडतं. ते पुन्हा करता येईल अशी नोंद आणि सामान पहिल्या दिवसापासून हवं.

वस्तू हातात आली की ती कशाची आहे हे आधी ठरवा. प्लास्टिकच्या तळाला त्रिकोणात आकडा असतो. २, ४ आणि ५ म्हणजे पॉलिथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीन. बादल्या, डबे, झाकणं बहुधा याची. यावर नेहमीचा कुठलाच गोंद टिकत नाही. दोन दिवस धरल्यासारखा वाटतो, मग सोलून येतो. इथे स्क्रू, रिव्हेट किंवा नट-बोल्टच लावायचा. सिलिकोन रबराला फक्त सिलिकोन चिकटतं. मऊ पीव्हीसीतलं तेलकट द्रव्य काही वर्षांनी वर येऊन पृष्ठभाग चिकट होतो आणि धूळ धरतो. गादीतला पॉलियुरेथेन फोम वीस-तीस वर्षांत भुगा होतो, म्हणून उशीच्या शिल्पात आतलं भरण बदलून पॉलिएस्टर फायबर घालावं. जुने सेल्युलॉइडचे कंगवे, चेंडू आणि बाहुल्या तर शिल्पात नकोतच. ते हळूहळू आम्ल सोडतात, शेजारचा धातू गंजवतात, आणि चटकन पेट घेतात.

धोक्याच्या वस्तूही ओळखा. मायक्रोवेव्ह उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, जीवघेणा विद्युतदाब शिल्लक असू शकतो. ऑफिसच्या खुर्चीचा गॅसचा दांडा कापू किंवा भोकू नका. जुन्या इस्त्र्या आणि टोस्टरमध्ये अॅस्बेस्टॉसचे तुकडे सापडतात. जुन्या रंगाखाली शिसं असू शकतं, म्हणून तो कोरडा घासायचा नाही, ओला करून घासायचा. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर वेल्डिंग केलं तर त्या धुराने त्याच संध्याकाळी ताप भरतो. मुलामा जोडाच्या दोन्ही बाजूंनी ५ सेंमी तरी घासून काढावा. धुळीसाठीचा कापडी मुखपट्टा द्रावकाची वाफ अडवत नाही. त्यासाठी सेंद्रिय वाफेचं आणि धुळीचं असं जोडफिल्टर असलेला रबरी मास्क लागतो.

कापड, लोकर, फर, पिसं, वेत असं काही असेल तर कसर आणि किडा कामशाळेत येतो. वस्तू पॉलिथिनच्या पिशवीत हवाबंद करून उणे १८ ते २० अंश सेल्सिअसला दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर २४ तास पिशवी उघडायची नाही, नाहीतर गार वस्तूवर पाणी सुटतं.

जोड

नियम सोपा आहे: वजन धातूने पेलायचं, गोंदाने फक्त जागा धरायची. दोन वस्तूंच्या मध्ये स्टेनलेसची आटे पाडलेली सळई घालतात. तळहातावर मावणाऱ्या वस्तूंना ४ मिमी, खुर्चीएवढ्या कामाला ८ मिमी. भोक सळईपेक्षा १ ते २ मिमी मोठं, खोली सळईच्या जाडीच्या निदान पाचपट. उरलेल्या फटीत इपॉक्सी, म्हणजे राळ आणि हार्डनर असे दोन भाग मिसळून करायचा गोंद, बसतं. सळई गुळगुळीत असेल तर तिला कानशीने चरे पाडा.

इपॉक्सीचे दोन भाग डोळ्यांच्या अंदाजाने मिसळणं हे निम्म्या अपयशांचं कारण आहे. ०.१ ग्रॅम दाखवणारा काटा घ्या. प्रमाण डब्यावर वजनाने दिलंय की मापाने, ते नीट वाचा. दोन्ही वेगळी असतात. हार्डनर जास्त घातल्याने लवकर सुकत नाही, कायमचं चिकट राहतं. पाच मिनिटांत धरणारं इपॉक्सी ठिसूळ आणि लवकर पिवळं पडणारं असतं, ते फक्त तात्पुरतं धरायला वापरा. खऱ्या जोडाला २४ तासांचं. कामशाळा १५ अंशांपेक्षा गार असेल तर तेही नीट धरत नाही. दोन्ही पृष्ठभाग ८० ते १२० नंबरच्या पॉलिशपेपरने खरडा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, आणि मग तिथे बोट लावू नका. मिश्रणातला उरलेला थेंब कागदावर ठेवून त्यावर तारीख लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी तो नखाने दबला, तर जोडही दबणार आहे.

सुपरग्लू, म्हणजे सायनोअॅक्रिलेट, धक्क्याला तुटतं आणि आजूबाजूला पांढरी वाफ बसवून जातं. सुती कापड, लोकर किंवा चामड्यावर ते सांडलं तर इतकं तापतं की चटका बसतो. गरम गोंदाची बंदूक मांडणी तपासायला उत्तम. उन्हात उभ्या असलेल्या मालमोटारीत मात्र तो गोंद मऊ होतो आणि शिल्प मुक्कामी सुट्या भागांत पोचतं.

चिनी मातीची किटली आणि पितळी नळ हा जोड शिकायला चांगला. भोक पाडायला हिऱ्याचा पोकळ बिट लागतो. जागेवर कागदी टेप लावा, भोवती मळलेल्या प्लॅस्टिसिनची (न सुकणाऱ्या कृत्रिम मातीची) पाळ करून त्यात पाणी भरा. बिट तिरका धरून आधी चंद्रकोरीसारखा चरा पाडा, मग हळूहळू सरळ करा. ड्रिलचा वेग कमीत कमी, हाताचा दाब नावापुरता. आतून शेवटचा मिलिमीटर निघताना टवका उडतो, म्हणून आत लाकडाचा ठोकळा किंवा मेण भरून ठेवा. टणक केलेली काच मात्र कितीही काळजी घेतली तरी फुटून चुरा होते, तिच्या वाटेला जाऊ नका. नळ बसवताना नटाखाली दोन्ही बाजूंना नायलॉन किंवा रबराचा वॉशर घाला, भोकात १ मिमी सैल जागा सोडा. उष्णतेने पितळ मातीपेक्षा जास्त फुगतं. पक्का आवळलेला नट पहिल्याच कडक उन्हाळ्यात किटलीला तडा देतो. नट पान्याने नाही, बोटांनी आवळायचा आणि शेवटची पाव फिरकी फक्त पान्याची.

दोन वेगळे धातू थेट भिडले आणि दमटपणा असला की त्यातला एक दुसऱ्याला खातो. अॅल्युमिनियमच्या भांड्याला पितळी स्क्रू लावला तर स्क्रूभोवती पांढरी पूड दिसू लागते. मध्ये नायलॉनचं आवरण घाला.

आता मढवण्याबद्दल थोडं विस्ताराने, कारण पहिल्या वर्षात प्रत्येकजण काही ना काही मढवून बघतोच. कृत्रिम फरच घ्या. केस १५ मिमीच्या आसपास हवेत. ५ मिमीचे केस शिवण लपवत नाहीत. ३० मिमीच्या केसांत कपाचा घाट बुडतो आणि हातात नुसतं खेळणं उरतं. कपावर आधी स्वयंपाकघरातली पातळ फिल्म ताणून लावा, तिच्यावर कागदी टेपचे दोन थर द्या, पेनाने शिवणींच्या रेषा आखा, रेषांवर ब्लेड चालवून तो पापुद्रा सोडवा आणि सपाट करा. तो झाला नमुना. बाहेरची बाजू एका कमानदार पट्टीत येते, आतल्या तळाला पाच-सहा पाकळ्या लागतात. नमुना फरच्या उलट बाजूवर ठेवून फक्त कापडी पाठ ब्लेडने कापा. कात्रीने कापलं तर केस तुटतात आणि शिवण केस कापल्यासारखी उघडी पडते. सगळ्या तुकड्यांत केसांची दिशा एकच, वरून खाली.

कपावर थेट गोंद लावू नका. आधी अॅसिटोनमध्ये विरघळवलेल्या पॅरालॉइड बी-७२ या अॅक्रिलिक राळेचा १० ते १५ टक्क्यांचा पातळ हात द्या. उद्या फर झडली तर तो थर अॅसिटोनने सुटतो आणि कप शाबूत राहतो. त्याच्यावर चामड्याचा संपर्क-गोंद चालत नाही, कारण त्यातलं द्रावक हा थरच विरघळवतं. पाण्यावरचा अॅक्रिलिक किंवा ईव्हीए गोंद घ्या. बाहेरची पट्टी कडेवरून ८ ते १० मिमी आत वळवा, म्हणजे आतली-बाहेरची शिवण कडेवर न येता खाली लपते. कानाची शिवण आतल्या बाजूला, वाकड्या सुईने. चमच्याच्या खळग्यात आणि बशीच्या वळणावर फर सुकताना वर उचलली जाते, तिथे वाळूची छोटी पिशवी रात्रभर ठेवा. शेवटी शिवणीत अडकलेले केस सुईच्या टोकाने एकेक बाहेर ओढा. या एका कामाला पूर्ण दिवस लागतो, आणि पाहणाऱ्याला तो दिवस अजिबात दिसत नाही.

काम उभं राहिलं की ते १० अंश कलवून बघा. पडलं तर तळात पोलादी पाटी घाला किंवा बैठकीला खालून बोल्ट मारा. उंची पायाच्या रुंदीच्या तिपटीहून जास्त असेल तर बोल्ट हवाच, चाचणी पास झाली तरी. लटकता भाग असेल तर त्याच्या दुप्पट वजन २४ तास टांगून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी फट मोजा.

साचाकामही थोडंफार यायला हवं. प्रत काढायला शोअर ए २० ते ३० कठीणपणाचं सिलिकोन चांगलं. प्लॅटिनमवर धरणारं सिलिकोन गंधकाजवळ धरतच नाही, नुसतं पातळ आणि चिकट राहतं. काही प्लॅस्टिसिन, नैसर्गिक रबर आणि लॅटेक्सचे हातमोजे यांतून गंधक येतं. आधी नाण्याएवढ्या जागेवर करून बघा. ब्राँझमध्ये ओतलेला भाग दीड-दोन टक्क्यांनी आक्रसतो. २० सेंमीची मूठ ३-४ मिमी लहान येते. म्हणून ओतीव भाग खऱ्या वस्तूला जोडायचा असेल तर भोकं ओतकामानंतरच पाडा.

शिकायचं कुठे, पोट कशावर भरायचं

शिल्पकलेची पदवी घ्यायची असेल तर अभ्यासक्रमाचं पान वाचण्याआधी कामशाळा बघा. संध्याकाळी उघडी असते का, तंत्रज्ञ किती, ओतकाम, वेल्डिंग, सुतारकाम, साचाकाम यांपैकी काय स्वतःच्या हाताने करता येतं, हे तिथल्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारा. ज्या संस्थेत सिद्धांत भरपूर आणि ड्रिल कुलुपात, तिथे या कामाचा माणूस घडत नाही.

शिल्पविक्रीवर पहिली काही वर्षं घर चालत नाही. हे कुणी लपवण्यासारखं नाही, आणि नवंही नाही. मॅन रे पोर्ट्रेट आणि फॅशन फोटोग्राफीवर जगला. जोसेफ कॉर्नेलने अनेक वर्षं कापड धंद्यात नोकरी केली आणि पेट्यांतली त्याची शिल्पं रात्री केली. ओपेनहाइमने फॅशन डिझायनर एल्सा स्कियापारेल्लीसाठी फर लावलेलं कडं केलं होतं. फरच्या कपाची कल्पना त्या कड्यावरून निघालेल्या गप्पांतून आली. तो कप प्रसिद्ध होऊनही १९३७ मध्ये ती बाझेलला परतली आणि जुन्या कलाकृतींच्या दुरुस्तीचं शिक्षण घेऊ लागली.

पोटासाठी निवडायचं तर असंच काम निवडा ज्यात हात चालतात: रंगभूमी आणि चित्रपटाचं सामान बनवणं, दुकानांच्या काचेतली मांडणी, ओतशाळा, साच्यांचा कारखाना, संग्रहालयात वस्तूंचे आधार बनवणं, जतन-दुरुस्ती. यांतलं जतनकाम सगळ्यात मोलाचं, कारण दुसऱ्यांचे जोड चाळीस वर्षांनी कसे सुटतात ते रोज हातात येतं. अर्धवेळ मिळालं तर घ्या. दुकानाच्या मांडणीत पैसे लवकर येतात, पण काम तुमच्या मनासारखं राहील अशी आशा ठेवू नका. १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या एका दुकानाने दालीची काचेतली मांडणी त्याला न विचारता बदलली. तो ती काढायला आत शिरला आणि बाथटबसकट काच फोडून रस्त्यावर आला. करारात 'बदल करण्याआधी लेखी संमती' ही ओळ असलेली बरी.

फोटो, मथळा, नोंद

पोर्टफोलिओत १२ ते १५ कामं पुरतात. प्रत्येकाचे तीन फोटो: समोरून, पाऊण बाजूने, आणि जोडाचा जवळून. मोबाइल जवळ नेऊन काढलेल्या फोटोत पुढचा भाग फुगतो. ८५ मिमीच्या आसपासची लेन्स, तीन मीटर अंतर, एफ/८ ते एफ/११, आयएसओ १००, तिवई. मागे राखाडी कागदाचा गुंडाळा जमिनीपर्यंत सोडलेला. स्टील आणि चकचकीत चिनी मातीत आजूबाजूच्या खोलीचं प्रतिबिंब दिसतं, म्हणून दिव्याच्या आणि वस्तूच्या मध्ये मोठं पांढरं कापड ताणा.

मथळ्यात 'मिश्र माध्यम' लिहू नका. 'लाकडी स्टूल, पितळी नळ, पाण्याचा डाग' असं लिहा. या प्रकारात सामानाची यादी हा कामाचाच भाग असतो. शीर्षकाने मात्र कोटी समजावून सांगायची नाही. मापं उंची × रुंदी × खोली या क्रमाने, सेंटिमीटरमध्ये. निवेदन दीडशे शब्दांत आटपा आणि त्यात 'स्वप्न', 'अबोध मन' हे शब्द टाळून बघा. बहुतेक वेळा काय करायचं होतं ते तेव्हाच स्पष्ट होतं.

प्रत्येक कामाची एक नोंदपत्रिका हवी: क्रमांक, वस्तू कुठून घेतली, गोंदाचं नाव आणि प्रमाण, स्क्रूची मापं, बदली भाग कुठे ठेवलेत, मांडायची कृती आकृतीसह. कुठला डाग मुद्दाम आहे तेही लिहा. २०११ मध्ये जर्मनीत डॉर्टमुंडच्या संग्रहालयात मार्टिन किपेनबर्गरच्या कामातल्या रबरी पसरट भांड्यावरचा मुद्दाम रंगवलेला थर सफाई करणाऱ्या व्यक्तीने घासून स्वच्छ केला. वस्तू जितकी रोजची, तितका हा धोका मोठा. पत्रिकेची एक प्रत सफाईच्या प्रमुखाच्या हातात द्या, नुसती फाइलमध्ये नको.

किंमत, करार, कायदा

वस्तू फुकट मिळाली म्हणून सामान फुकट, असा हिशेब करू नका. एका मध्यम कामाचे तास मांडून बघा: शोधाचे १२, जोडाचे ३०, स्वच्छता आणि झिलईचे १०, फोटो आणि खोक्याचे ८. झाले ६०. याला तुमचा तासाचा दर, त्यात सामान आणि कामशाळेच्या भाड्याचा वाटा. ही रक्कम तुमच्या हाती पडायला हवी. गॅलरी बहुतेक ठिकाणी निम्मा वाटा घेते, म्हणून फलकावरची किंमत याच्या दुप्पट. स्टुडिओतून विकतानाही किंमत तीच ठेवा. गॅलरीच्या पाठीमागे स्वस्तात विकल्याचं कळलं की नातं तिथेच संपतं.

गॅलरीला काम देताना ते विक्रीसाठी ठेवायला दिलंय, मालकी तुमचीच आहे, हे लिहून घ्या. विक्रीनंतर किती दिवसांत पैसे, सूट कोणाच्या वाट्यातून, विमा कधीपासून कधीपर्यंत, न विकलेलं काम परत पाठवायचा खर्च कोणाचा. ओतकामासारखा मोठा खर्च आधी वजा करून मग वाटणी, ही अट नवखे मागतच नाहीत, मागायला हवी. मागणीवरून केलेल्या कामाचे पैसे तीन हप्त्यांत: आराखडा मान्य झाल्यावर, काम अर्ध्यावर आल्यावर, पोच झाल्यावर.

प्रती काढायच्या असतील तर संख्या पहिल्या विक्रीआधी ठरवून लिहून टाका. ब्राँझमध्ये आठ प्रती आणि चार कलाकारप्रती ही फ्रेंच पद्धत सर्वत्र माहीत आहे. वस्तूंच्या कामात तीन आणि एक पुरे, कारण तेवढेच हुबेहूब नग मिळतात.

पिसं, हस्तिदंत, शंख, कातडी यांचा उगम माहीत नसेल तर वापरू नका. रॉबर्ट राउशेनबर्गच्या १९५९ च्या एका कामात पेंढा भरलेला गरुड आहे. अमेरिकी कायद्याने तो विकता येत नाही, म्हणून मालकिणीच्या मृत्यूनंतर तिच्या वारसांच्या तज्ज्ञांनी कामाची किंमत शून्य धरली आणि करखात्याने साडेसहा कोटी डॉलर. शेवटी २०१२ मध्ये ते संग्रहालयाला दान द्यावं लागलं. ब्रँडचं चिन्ह कामाला खरोखर लागत नसेल तर घासून काढा.

खोका आणि दुरुस्ती

सीमाशुल्काच्या कागदावर 'शिल्प' लिहा, आणि सोबत फोटो आणि नोंदपत्रिका जोडा. १९२६ मध्ये शिल्पकार ब्रांकुशीचं पक्ष्याचं धातूचं शिल्प अमेरिकेत उतरलं तेव्हा अधिकाऱ्यांनी ते धातूचा बनवलेला माल ठरवून ४० टक्के कर लावला. ती कला आहे हे न्यायालयाने मान्य करायला १९२८ उजाडलं. तुमचं शिल्प तर खरोखरच नळ आणि स्टूल असणार. खोका १२ मिमी प्लायवुडचा, आतून सगळीकडे ५ सेंमी फोम. भरीव लाकूड वापरलं आणि परदेशी पाठवायचं असेल तर त्याच्यावर आयएसपीएम १५ चा (लाकडातून कीड पसरू नये यासाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमाचा) शिक्का लागतो, म्हणजे बहुधा लाकूड आतपर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवलेलं असतं. सुटे होणारे भाग सुटेच पाठवा. जोड बोल्टचा ठेवला असेल तर हे जमतं, सगळं इपॉक्सीने एकजीव केलं असेल तर खोका दुप्पट मोठा होतो. झाकणाच्या आतल्या बाजूला खोलण्याचा क्रम फोटोंसह चिकटवा, आणि झाकणाला खिळे नकोत, स्क्रू घाला. पोचल्यावर कामाची स्थिती लिहून सही घ्या, खोका उघडतानाचे फोटो काढायला सांगा.

मालकाकडून 'एक भाग निखळलाय' असा निरोप आला तर आधी फोटो मागवा आणि निखळलेला तुकडा जपून ठेवायला सांगा. गोंदाची नळी पाठवू नका, 'तुम्हीच चिकटवा' म्हणू नका. घरच्या गोंदाचा थर काढायला मूळ जोडापेक्षा जास्त वेळ लागतो. विक्रीच्या करारातच लिहा की पहिल्या दोन वर्षांत जोड सुटला तर दुरुस्ती तुमच्या खर्चाने, पडून मोडलं तर मालकाच्या, आणि दोन्ही वेळा काम तुमच्याकडेच यायचं.